पेपरच्या दिवसाची तहान

मोहफुलं पडायला लागली की आमच्या विद्यापीठाचं वेळापत्रक येतं. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण इतकी वर्षं ते जोडीनंच येत आले आहेत, त्यामुळे माझ्या नाकाला परीक्षेचा वास म्हणजे मोहाचाच वास. गोंडपिपरीतल्या आमच्या कॉलेजमागे एक जुनं मोहाचं झाड आहे. सकाळी त्याच्याखाली बायका टोपल्या घेऊन वाकलेल्या असतात आणि इकडे व्हरांड्यात पोरं गाइडं घेऊन वाकलेली असतात. तो गोड, आंबूस, डोक्यात चढणारा वास आला की माझा जीव एका जागी ठरत नाही. खुर्चीत बसले की उठावंसं वाटतं, उठले की कुठं जायचं ते कळत नाही. मी इथं तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. परीक्षा माझी नसते. तरी दर वर्षी हेच.

यंदा त्यात भर पडली. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, "मॅडम, परीक्षेच्या काळात विद्यार्थ्यांनी आरोग्य कसं राखावं, यावर पाच मिनिटं बोला. वरून परिपत्रक आलं आहे. फोटो काढून पाठवायचा आहे." मागच्या वर्षीही मीच बोलले होते. त्या भाषणाचा कागद अजून टेबलाच्या खणात होता. काढून वाचला आणि माझी मलाच चीड आली. पुरेशी झोप घ्या. हिरव्या पालेभाज्या, फळं, सुका मेवा खा. सकाळी प्राणायाम करा. मन प्रसन्न ठेवा. सुका मेवा! आमच्या पोरांचा सुका मेवा म्हणजे पुडीतला खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला तो खर्रा गालात दाबायचा आणि अभ्यासाला बसायचं. त्यानं झोप येत नाही म्हणतात. भूकही लागत नाही, हे कुणी म्हणत नाही. पोरी खर्रा खात नाहीत, त्या चहा पितात. चहावर चहा, आणि परीक्षा आहे म्हणून सोमवारचा उपास, गुरुवारचा उपास. डबा उघडला तर भात आणि पातळ वरण, कधी वांग्याची फोड. या पोरांना प्रसन्न राहा म्हणून सांगायचं मला कुठल्या तोंडानं जमलं असेल, कोण जाणे.

पण खरी गोष्ट या कागदात नव्हतीच. खरी गोष्ट पाण्याची आहे, आणि ती आमच्याकडच्या प्रत्येक मुलीला माहीत आहे. पेपरच्या दिवशी पाणी प्यायचं नाही. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. मोठ्या वर्गातली मुलगी लहान वर्गातलीला सांगते, मावशी भाचीला सांगते. परीक्षाकेंद्रावर मुलींचा संडास असतो, पण त्याला कुलूप असतं. कुलपाची किल्ली शिपाईभाऊंकडे असते आणि शिपाईभाऊ कुठं असतात ते कुणालाच माहीत नसतं. ते सापडले तरी आधी वर्गातल्या सरांना सगळ्यांदेखत हात वर करून विचारायचं. सर घड्याळ बघणार, "आत्ताच तर बसला ना?" म्हणणार, मागच्या बाकांवर कुणीतरी हसणार. त्यापेक्षा सकाळपासून घसा कोरडा ठेवायचा. बाहेर ऊन असं की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं. तोंडाला दुपट्टा बांधून, डोळे तेवढे उघडे ठेवून पोरी येतात आणि तीन तास तशाच कोरड्या बसून निबंध लिहितात. मीही लिहिलेत.

मला सिकलसेल आहे. एस-एस पॅटर्न, म्हणजे आईकडूनही आलेला आणि बाबांकडूनही. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडं एवढं सांगितलं तरी पुरतं, तरीही बाहेरच्यांसाठी सांगते: रक्तातल्या पेशी गोल राहत नाहीत, विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांमध्ये अडकतात. मग हाडांच्या आतून असं दुखतं की माणसाला अंग नकोसं होतं. पाणी कमी पडलं, उन्हात फिरणं झालं, फार थंडी लागली, जागरण झालं, जीव घाबरला, की हे सुरू होऊ शकतं. म्हणजे परीक्षेत जे जे होतं, ते सगळं. मी शाळेत असताना रक्त तपासायला लोक आले होते, तेव्हा कळलं. आम्ही राजुऱ्याजवळ राहायचो, बाबा कोळशाच्या खाणीत नोकरीला होते. आईनं त्या दिवशी मला चुलीजवळ बसवून एकच सांगितलं होतं, "कोनी विचारलं तं वात आहे म्हन. हे नाव काढू नोको. लग्नाचे वांधे होतात." आई वाईट नव्हती. तिला माझं लग्न दिसत होतं, मला माझं दुखणं दिसत होतं, आणि दोघींना एकमेकींचं दिसत नव्हतं.

ज्या परीक्षेची मला दर वर्षी आठवण येते, ती एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाची. गडचिरोलीला टिनाच्या छपराची एक खोली भाड्यानं घेतली होती. दुपारी ते छप्पर तडतड वाजायचं. आम्ही खाली ओल्या चादरी टाकून पुस्तकं वाचायचो आणि पंख्याची हवा तापलेल्या तव्यावरून आल्यासारखी लागायची. माझ्याबरोबर सरिता मडावी राहायची. हेमलकशाच्याही पुढची, पावसाळ्यात नाले भरले की जगापासून तुटणाऱ्या एका गावातली. आम्ही दोघी मराठी घेऊन बसलो होतो. तिला व्याकरण कधी आवडलं नाही आणि मला तिचं मोठ्यानं वाचणं कधी आवडलं नाही. ती काळी, उंच, सतत काहीतरी चघळणारी. गावाहून येताना चारं, टेंभरं अशी रानफळं आणायची, वाळवलेली मोहफुलं भाजून खायची. खोलीभर तो वास. मी नाक मुरडायची, ती मुद्दाम माझ्यासमोर खायची.

सरिता पाणी प्यायची. इतकं प्यायची की घरमालकीणबाई कुरकुरायच्या. "येर नाई पेलं तं मानूस सुकून जाते," म्हणायची. येर म्हणजे गोंडीत पाणी. सकाळी नाचणीचा आंबूस जावा करायची, पातळ पेजेसारखा, आणि बाटलीत भरून पेपरलाही न्यायची. पेपरच्या दिवशी पाणी न पिण्याचा आमचा नियम मी तिला समजावून सांगितला तेव्हा ती माझ्याकडे बघतच राहिली.

"मंग लागली तं?"

"म्हणूनच प्यायचं नाही ना."

"बाप्पा! मागं एवढं मोठं रान आहे न वं."

आणि खरंच, पेपरला जाण्याआधी ती केंद्रामागच्या पळसांत शिरून आली, सगळ्या पोरींसमोर, सलवार झटकत. आम्ही सगळ्या तोंडावर दुपट्टा घेऊन हसलो. आता आठवलं की वाटतं, त्या मैदानात शहाणी ती एकटीच होती. पण तेव्हा मला तिची लाज वाटली. लाज आमच्यात तहानेपेक्षा मोठी असते.

पहिल्या दोन पेपरांनंतर माझे गुडघे आणि कंबर दुखायला लागली. मी वाताच्या नावाखाली तेल चोळत बसले. सरितानं हात लावून बघितलं, अंग गरम होतं. तिच्या गावात ताप आणि अंगदुखी म्हणजे मलेरिया, त्याच्यापुढं विचार करायची गरजच नाही. "चाल, काच टोचून येऊ," म्हणाली. काच म्हणजे रक्ताचा थेंब घेऊन तपासायची पट्टी. मी गेले, आनंदानं गेले. कारण मलेरिया ही आमच्याकडची अब्रूदार बीमारी आहे. ती सगळ्यांना होते, ती सांगता येते, तिच्यानं लग्न मोडत नाही. मला मलेरिया निघावा म्हणून मी दवाखान्याच्या बाकावर बसून मनातल्या मनात हात जोडले होते. निघाला नाही. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी माझ्या डोळ्यांची पापणी खाली ओढली, पिवळेपणा बघितला आणि विचारलं, "सिकलसेलची तपासणी झाली आहे का?"

मी पटकन नाही म्हणाले. फारच पटकन. सरिता शेजारी उभी होती.

खोलीवर आल्यावर तिनं माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि मी तो रिकामा करेपर्यंत समोर बसून राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. मी म्हणाले, "माझी आई होऊ नकोस." ती म्हणाली, "तुई माय असती तं पेली असतीस?" मला राग आला, कारण तिला कळलं होतं, आणि तिला कळलं आहे हे मला कळलं होतं, आणि तरी आम्ही दोघी त्या शब्दाला वळसा घालून चाललो होतो.

शेवटच्या पेपराला मी पुन्हा कोरडीच गेले. सरितानं पुढे केलेला जावा नको म्हटला. पुढच्या रांगेत जागा होती. लू वाहत होती, खिडकीतून धूळ येत होती, पेपरचे कोपरे उडत होते म्हणून सगळ्यांनी त्यावर खडे ठेवले होते. तासाभरानं दुखणं आलं. आधी पाठीत, मग बरगड्यांत, मग बोटांपर्यंत. पेन धरता येईना. मी बाकावर वाकले, डोकं खाली घातलं. सरांना वाटलं, मी कॉपी करते आहे. "काय चाललंय खाली? उभी राहा!" मला उभंही राहता येईना आणि बोलताही येईना. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. आणि मागून सरिता उठली. गावात एका घरातून दुसऱ्या घरात हाक मारावी तशा आवाजात म्हणाली, "सर, तिले सिकलसेल आहे. कॉपी नाई करून राह्यली ते. तिले पानी द्या आन बाहेर नेऊ द्या!"

पेनं थांबली. इतकी वर्षं मी दडवलेला तो शब्द भर वर्गात पडला होता. पहिल्या क्षणी दुखणंही मागं सरलं, एवढी मला शरम वाटली. सरांची धांदल उडाली. त्यांनी मला पंख्याखाली बसवलं, पाणी मागवलं, शिपायाला किल्ली आणायला पिटाळलं. सरितानं बाटली पाठवली. तो आंबूस, कोमट जावा मी घोट घोट प्याले, आणि सगळ्यांच्या नजरा अंगावर घेत, जमेल तसं वेडंवाकडं अक्षर काढत राहिले. पेपर संपल्यावर थेट दवाखाना. सलाइन लागली. बाबा राजुऱ्याहून आले, आई आली. आई सरिताकडे बघेना.

मी सरितावर भयंकर चिडले होते. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले. ती पायथ्याशी उभी राहून म्हणाली, "धर राग. जिती राहून धर." आणि केळी ठेवून निघून गेली.

मी राग धरला. चांगला लांबवर धरला. आजही पक्कं ठरवता येत नाही. तिनं माझं गुपित माझ्या परवानगीशिवाय वर्गात ओतलं, ते बरोबर नव्हतं असं मला अजून वाटतं. आणि तिनं तोंड उघडलं नसतं तर मी त्या बाकावरच राहिले असते, हेही तितकंच खरं वाटतं. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकत्र बसत नाही. मोहफुलं पडायला लागली की मनात येरझारा सुरू होतात, त्या याच्याच. सरिता आता तिकडंच आश्रमशाळेत शिकवते. रेंज मिळाली की फोन करते आणि पहिला प्रश्न एकच असतो. पाणी पेलं का?

यंदा हे सगळं जास्त टोचतं आहे, कारण वर्गात दीक्षा आहे. तिसऱ्या वर्षाची, जवळच्याच खेड्यातली. हुशार, अक्षर मोत्यासारखं. महिन्यातून काही दिवस गायब होते आणि परत आली की भिंतीला धरून बसते. विचारलं तर, "वात आहे मॅडम." कूलरसमोरची जागा सोडून कोपऱ्यातली जागा धरते. डोळ्यांत तो पिवळेपणा मी ओळखते, कारण आरशात तोच बघत मोठी झाले. माठाकडे ती चुकूनही जात नाही. तिच्या आईनं तिला चुलीजवळ बसवून काय सांगितलं असेल, ते मी शब्दन् शब्द सांगू शकते.

मग मी काय करायचं? सरितासारखं भर वर्गात उभं राहून बोट दाखवायचं? दीक्षा दुसऱ्या दिवसापासून कॉलेजला येणार नाही. गप्प बसायचं? परीक्षा तोंडावर आली आहे. एकदा तिला बाजूला घेऊन मी म्हणाले, "रक्त तपासून घे." ती इतक्या पटकन नाही म्हणाली की मी पुढं बोलूच शकले नाही. आठवडाभर मला काही सुचत नव्हतं. वर्गात शिकवताना मध्येच थांबायची. घरी भाजी करपवली. व्हरांड्यात उगीच या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची, आणि शिपाई नामदेवभाऊ म्हणायचे, "मॅडम, कोनाले शोधून राह्यल्या?"

भाषणाच्या दिवशी सगळ्यांना सभागृहात बसवलं. प्राचार्य पहिल्या रांगेत, फोटो काढणारा बाजूला. मी कागद उघडला. पुरेशी झोप घ्या, इथपर्यंत वाचलं. मग कागद खाली ठेवला. माझा आवाज मला परका वाटत होता.

"पेपरच्या दिवशी पाणी कोण पीत नाही? फक्त मुलींनी सांगा."

आधी एक हसली. मग दुसरीनं हात वर केला, अर्धाच. मग हात वर होत गेले. मुलं चकित होऊन मागं वळून बघायला लागली. त्यांना हे माहीतच नव्हतं. प्राचार्यांनाही माहीत नव्हतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. मी नामदेवभाऊंना हाक मारली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, परीक्षेच्या काळात मुलींच्या संडासाला कुलूप लागणार नाही. प्राचार्य खाकरले, पण मान हलवली. एवढ्यावर थांबता आलं असतं. टाळ्याही पडल्या होत्या. आईचा चुलीजवळचा चेहरा डोळ्यांसमोर होता.

"मला सिकलसेल आहे," मी म्हणाले. "एस-एस. रोज गोळी घेते. उन्हात जाताना बाटली नेते. उपास करत नाही. दुखायला लागलं की तेल चोळत बसत नाही, दवाखान्यात जाते. याच्यात लाजायचं असेल तर ते कुलूप लावणाऱ्यानं लाजावं."

मी दीक्षाकडे बघितलं नाही. मुद्दामच नाही. बाहेर येऊन माठातलं पाणी प्याले तेव्हा मला रडू येत होतं. हलकं वगैरे काही वाटत नव्हतं. आता हे गावात जाणार, आईपर्यंत जाणार, एवढंच वाटत होतं.

दुपारी बाकीचे जेवायला गेल्यावर दीक्षा स्टाफरूमच्या दारात आली. दुपट्टा तोंडावरून सोडला नव्हता. मी मनात तयारी केली. गोळी कुठली, तपासणी कुठं होते, पैसे लागतात का, सगळं तोंडपाठ होतं.

"मॅडम, एक विचारू?"

"विचार."

"तुम्ही लग्नाच्या येळेस सांगतलं होतं?"

याची तयारी मी केली नव्हती. खोटं बोलणं सोपं होतं. क्षणभर जिभेवर आलंसुद्धा.

"सांगितलं होतं."

"मंग?"

"मग मोडलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी कशी दिसते ते जणू पहिल्यांदाच बघत होती: टेबलावर उघडा डबा, चष्मा, तपासायचा राहिलेला वह्यांचा गठ्ठा.

"पोरगा चांगला होता?"

"चांगला होता."

"लय रडल्या?"

"खूप रडले. आईपण रडली. मग रडणं संपलं. मग नेटची परीक्षा होती, ती दिली. नापास झाले. पुन्हा दिली."

तिच्या डोळ्यांत हसू आलं आणि लगेच गेलं. ती आत आली. भिंतीला हात टेकून, हळू, प्रत्येक पाऊल जपून टाकत आली, आणि समोरच्या खुर्चीत बसली. दुपट्टा सोडला. ओठ पांढरे पडले होते.

"मॅडम," ती म्हणाली, "सकाळपासून दुखून राह्यलं."

"कुठी?" मी विचारलं.

तिनं डोळे मिटले, आणि एकेका जागेवर हात ठेवत मला दाखवायला लागली.